टिकल्याचं घराणं

“उकिरड्यावरची जात आहे, अजून काय!” हितेंद्र म्हणाला आणि सकाळी फिरायला निघालेली सगळी मंडळी खो खो हसली.

पाटील सर तेवढे हसले नाहीत. त्यांच्या हातात पट्टा होता आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टिकल्या. “पॉमेरेनियन आहे,” असं सरांनी नुकतंच मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. हितेंद्र कॉलनीत नवीन राहायला आलेला. त्याच्या लॅब्राडॉरच्या सात पिढ्यांचे कागद म्हणे फाईलला लावलेले. त्याने टिकल्याला खालून वर न्याहाळलं. पांढरं अंग, एक कान उभा, एक पडलेला, कपाळावर टिकलीएवढा काळा ठिपका, आणि पाय इतके आखूड की पोट रस्ता झाडत चाललेलं. बाप कदाचित एखाद्या बंगल्यातला असेल, पण आई नक्कीच गल्लीतली होती. थाप जागच्या जागी उघडी पडली.

तीन वर्षांपूर्वी कुंदाबाईंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, भाजीबाजारामागच्या कचऱ्यातून त्याला पदरात घालून आणलं होतं. सरांनी आठ दिवस आदळआपट केली आणि नवव्या दिवशी स्वतःच दुधात पोळी कुस्करायला बसले. पुढे तर बघायलाच नको. त्याच्या गोचिड्या चिमट्याने काढायच्या त्या सरांनीच. जळगावच्या मे महिन्यात कूलरसमोर त्याच्यासाठी ओलं पोतं अंथरायचं तेही सरांनीच. ‘खा’ म्हटल्याशिवाय टिकल्या अन्नाला तोंड लावत नसे. सर निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यात एकाही वर्गाने त्यांचं एवढं ऐकलं नव्हतं.

पण हितेंद्रचा ‘उकिरडा’ हा एक शब्द सरांच्या जिव्हारी लागला. इतका का लागला, हे त्यांनी कुंदाबाईंनाही सांगितलं नाही. फाटकावर पितळी पाटी होती, ‘यू. टी. पाटील’. यू म्हणजे काय, असं कोणी विचारलं की सर ‘उदय’ म्हणून सांगत. ती थाप वीस वर्षं पचली होती. आता कोणी तीही उकरून काढेल, असं त्यांना उगाचच वाटू लागलं.

तीन दिवस त्यांनी टिकल्याला मागच्या गल्लीतून फिरवलं. चौथ्या दिवशी म्हणाले, “याला इंजेक्शन देऊन आणतो.”

कुंदाबाईंनी पाण्याची बाटली दिली, त्याचा टॉवेल दिला. “घाबरतो हो तो सुईला. पाठीवर हात ठेवा त्याच्या.”

सरांना त्यांच्याकडे बघवेना. गाडी निघाली. जनावरांचा दवाखाना मागे पडला, एरंडोल मागे पडलं. टिकल्या शेजारच्या सीटवर बसून सरांच्या कोपरावर हनुवटी टेकवून होता. फिरायला निघालोय म्हणून स्वारी खुशीत होती. सरांना स्वतःची लाज वाटत होती, तरी पाय काही ब्रेकवर जात नव्हता.

पारोळ्याच्या पुढे त्यांचं गाव. गावाबाहेर शेणाचे उकिरडे. इथे कुत्र्याला काही ना काही मिळतंच, उपाशी मरणार नाही, अशी सरांनी स्वतःची समजूत घातली. त्याला खाली उतरवलं, बिस्किटांचा पुडा फोडून पुढ्यात ठेवला आणि ते पाठ फिरवून निघाले.

दहा पावलांवर राहवलं नाही म्हणून वळून पाहिलं. बिस्किटं तशीच. टिकल्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं, डोळे सरांवर. तो ‘खा’ची वाट पाहत बसला होता.

“कोन शे रे तठे? उखर्डू ना तू?”

सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कित्येक वर्षांत या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती. डोक्यावर शेणाचं टोपलं घेऊन ताईबाई अक्का उभी होती. भावकीतली, ऐंशीच्या पुढची, पण नजर अजून शाबूत.

“कुत्रं टाकाले उना का?”

“अक्का, चांगल्या जातीचं नाही ते,” सर चाचरत म्हणाले. “उकिरड्यावरचंच आहे.”

बोलून गेले आणि शरमेने त्यांची मान खाली गेली. हितेंद्रचं वाक्य आपल्याच तोंडून बाहेर पडलं होतं.

अक्काने टोपलं खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देत वाकली, टिकल्याला उचललं आणि पदरात घेतलं.

“मंग तू कोठला शेस रे? तुन्हा पहिले तीन पोरे मरी गयात. तू तरी जगाले पाहिजे म्हनीसन तुन्ही मायनी तुले आठेच, या उखर्डावर ठेवं, नि मी उचलं. म्हनीसन तर उखर्डू.”

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही. दोन्ही हात पुढे करून ते विसरलेल्या बोलीत म्हणाले, “दे वं अक्का. चुकनू मी.”

अक्काने पदर आणखी घट्ट धरला.

“आसं नही. आते हाई मन्हं शे. पहिले सूपभर कोंडा आन. तुले परत घर ली जावाले तुन्ही मायनी बी माले तितलाच दिधा व्हता.”