फोटोतला बारावा

इंग्रजी अमदानीत मुंबईत नाव काढलेल्या मालवणी माणसांवर मी पुस्तक लिहीत होतो. ८३ साली त्यासाठी एक जुना फोटो मिळाला. गोदीवर उभी बारा माणसं, खाली छापलेली नावं अकरा. कडेच्या पागोटेवाल्याचं नाव वर्षभर शोधूनही सापडेना.

"तो आपल्याच घरातलो," फोटो बघून गावी माझी आई, माई, म्हणाली. "पण नाव कोणाकच ठावक नाय. म्हाळाक त्येका पान वाढ."

म्हाळाच्या दिवशी मी पितरांबरोबर त्याचंही पान परसात मांडलं. बाकीच्या पानांना कावळा लगेच शिवला. त्याच्या पानाकडे मात्र कावळे माडावरून नुसते बघत राहिले. दोन वाजले. तो जेवल्याशिवाय घरात कुणाला घास घेता येईना.

"श्रीपादा, काय तरी कबूल कर रे त्येका," माई आतून ओरडली.

"तुझो फोटो पुस्तकात पयल्या पानार छापतंय," मी म्हणालो. एकही कावळा हलला नाही.

भुकेनं माझं डोकं फिरलं. "नावच होया मा तुका? माझा घे, पण जेव एकदाचो!"

कावळा सरळ पानावर उतरला.

हुश्श करून मी हातपाय धुतले आणि मागच्या दाराशी आलो. आत पंगत बसली होती. माई वाढता वाढता थांबली. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बसा," ती अदबीनं म्हणाली. "श्रीपाद जेवता आसा. तुमी खंयचे?"