नाकाची साक्ष

"आमच्याकडे काहीही जाळत नाहीत, मॅडम," गोदामाचा मालक म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता, आणि तिन्ही वेळा त्याने मागच्या भिंतीकडे बघायचं टाळलं होतं.

निरीक्षक बाई प्लास्टिकच्या ढिगांमधून वाट काढत आत आल्या. हातात तक्रारीचा कागद. उघड्यावर प्लास्टिक जाळतात, खाली एकोणीस सह्या. खरं निघालं तर गोदामाला सील. जमिनीवर बसून माल निवडणाऱ्या अकरा बायकांचे हात जागच्या जागी थांबले. सील म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. पलीकडच्या गोदामाला सील लागून सहा महिने झाले, तिथल्या बायका अजून काम मागत दारोदार फिरत होत्या.

"हवा तपासायचं यंत्र आणलंय का तुम्ही?" मालकाने विचारलं.

"दुरुस्तीला गेलंय."

"मग झालं तर!" मालकाला एकदम हुशारी आली. "यंत्राचं सोडा हो. आमच्या मावशींना विचारा. यंत्र झक मारेल असं नाक आहे त्यांचं."

ही नुसती फुशारकी नव्हती, बरं का. भंगारातलं प्लास्टिक दिसायला सगळं सारखंच. मावशी तुकडा उचलायची, लायटरने कड पेटवायची, फुंकर मारून विझवायची आणि धूर नाकाशी धरायची. मेणबत्तीसारखा वास आला की तुकडा बादल्यांच्या ढिगात, नाकात झोंबला की पाइपांच्या. दिवसाला तीन-चारशे तुकडे, छत्तीस वर्षं. एकही तुकडा चुकीच्या ढिगात गेला नाही. हल्ली ती ज्वाळेचा रंग बघूनच तुकडा फेकायची, हात बसलाय म्हणायची. आणि घरी सुनेच्या स्वयंपाकाला चवच नाही म्हणून कुरकुर करायची. आता सासू कुरकुरते, यात कोणाला नवल वाटणार?

सून तिच्या शेजारीच होती, मागच्या भिंतीला पाठ टेकून. सातवा महिना. पाठीला आधार हवा म्हणून मावशीने ती जागा दुसऱ्या बाईशी कडाकडा भांडून तिला मिळवून दिली होती. बाकीच्या जणी दाराकडे बसायच्या. ज्यांना कुणी गिऱ्हाईक नाही अशा पाकिटांचा आणि पिशव्यांचा ढीग भिंतीपलीकडे रोज चारच्या सुमाराला पेटतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण धूर पार नाल्याकडे जातो, इकडे वाससुद्धा येत नाही, असं मावशीनेच सांगितलं होतं. मावशीने सांगितलं म्हणजे विषय संपला.

निरीक्षक बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "मावशी, खरं सांगा. इथे धुराचा वास येतो?"

मावशीचा जीव भांड्यात पडला. जाळतात का, असं विचारलं असतं तर पोटासाठी खोटं बोलावं लागलं असतं. याचं उत्तर मात्र तिच्याकडे खरं होतं.

"अजिबात नाही," ती ताठ बसत म्हणाली. "ह्या नाकावर पोट भरतेय मी, मॅडम. ह्याच्यापासून काही लपत नाही. आता ह्या घडीला विचारा ना. काही आहे का?" तिने डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. "काही म्हणजे काही नाही. स्वच्छ हवा."

कोणीच मान डोलावली नाही.

तिने डोळे उघडले. निरीक्षक बाईंनी ओढणी नाकाला लावली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दाराकडची एक बाई खोकली, मग दुसरी. मालक "अरे देवा!" म्हणत मागे पळाला. चार वाजले होते. आत कोण आलंय, हे मागे ढीग पेटवणाऱ्या रखवालदाराला कोणी सांगितलंच नव्हतं. दिसण्याइतका धूर नव्हता, नुसता वास होता, घशात अडकणारा.

"मावशी," निरीक्षक बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला खरंच येत नाहीये?"

"काय?"

मावशीने पाइपाचा तुकडा उचलला. सगळ्यांत झोंबणारा तोच. पेटवला, विझवला, नाकाशी धरला. मग आणखी जवळ धरला, ओठ भाजेल इतका. दुसरा उचलला. लायटर पुन्हा पुन्हा पेटवत राहिली. शेवटी निरीक्षक बाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"सगळ्याजणी बाहेर चला आधी," त्या उठून म्हणाल्या आणि पिशवीतून सीलचा कागद काढला. कोणीतरी रडायला लागलं. कोणीतरी मावशीला शिव्या घातल्या, चांगल्या मोठ्याने, तिला ऐकू जाव्यात म्हणून.

मावशीला त्या ऐकूच आल्या नाहीत. ती सुनेकडे वळली होती. "अगं, तुला? तुला येतोय का?"

सून एका हाताने भिंत आणि दुसऱ्याने पोट धरून उठत होती.

"मला तर रोजच येतो, आई. पहिल्यांदा तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात काही नाही. मग मला वाटलं, डोहाळेच आहेत."