पिछोला तलाव, बोरीवली पूर्व

“टॉवर कापलात का?” उत्तराने दबक्या आवाजात विचारलं.

“टॉवर गेला, विजेचा खांब गेला, ‘कचरा टाकू नये’ची पाटीसुद्धा गेली,” मोबाइलवर बोट फिरवत नंदकुमार म्हणाले. “आता नुसतं पाणी उरलंय.”

जानेवारीतली सकाळ होती. बोरीवलीच्या नॅशनल पार्कातल्या तळ्यावर धुकं उतरलं होतं. ते धुकं होतं की बांधकामांची धूळ, याच्या खोलात दोघं शिरली नाहीत.

सोसायटीच्या लेखी नंदकुमार आणि उत्तरा सोमवारपासून उदयपूरला होते. प्रत्यक्षात वेटिंग लिस्ट चारवर येऊन अडली आणि दोघं भरलेल्या बॅगा घेऊन मागच्या जिन्याने घरी परतली. खरं सांगून टाकलं असतं तर लोक दोन दिवस हसले असते आणि विसरले असते. पण शेजारचे विद्याधर लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले होते, “नंदकुमार, फिरणंबिरणं तुमच्याने व्हायचं नाही.” ते फार झोंबलं होतं. त्यामुळे चार दिवस घरात दिवा नाही, टीव्ही नाही. डाळसुद्धा शिट्टीविना पातेल्यात शिजत होती.

विद्याधर स्वतः शनिवारीच दार्जिलिंगला म्हणून निघाले होते. ‘इथे नेटवर्क अजिबात नाही’ असं ते सोसायटीच्या ग्रुपवर दिवसातून चारदा कळवत होते.

काल तिसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीबाईंनी ग्रुपवर विचारलं, ‘अहो प्रवासी मंडळी, फोटो कुठायत?’ आता फोटो टाकला नाही तर अब्रूचं खोबरं ठरलेलं. म्हणून दोघं माकडटोप्या घालून उजाडता उजाडता इथे आली होती.

“अगं बाई, हे बघा!” उत्तराने फोटो मोठा केला. पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या कुणाचं तरी प्रतिबिंब पाण्यात पडलं होतं. उलटं, पुसट, पण डोक्यावर भलंमोठं पागोटं. “पगडीवाला! अगदी राजस्थानी!”

नंदकुमारांना देव पावल्यासारखं झालं. ‘उदयपूरचा पिछोला तलाव, पहाटेचं धुकं’ असं लिहून त्यांनी फोटो ग्रुपवर सोडला. मृणालिनीबाईंचे पाच अंगठे आले. पाठोपाठ लताताईंचं ‘झकास!’ आलं. नंदकुमारांची छाती फुगली. इतक्यात फोन वाजला. विद्याधर!

नंदकुमारांनी आवाजात जरा थंडी आणली. “बोला, बोला! इकडे काय गारठा आहे म्हणून सांगू...”

“तो फोटो आधी उडवा.”

“का हो?”

“पाण्यातला पगडीवाला मी आहे. डोक्याला मफलर आहे तो.”

 नंदकुमारांनी लगेच फोटो डिलीट केला. संपलं सगळं. आता हा माणूस वर्षभर लिफ्टमध्ये जगू देणार नाही.

“अहो,” उत्तराने त्यांचा स्वेटर ओढला, “पण विद्याधर तर दार्जिलिंगला होते ना?”

तेवढ्यात धुक्यातून विद्याधर आले. मफलर नाकापर्यंत ओढलेला, नजर इकडेतिकडे.  त्यांनी आपला मोबाइल नंदकुमारांच्या हातात दिला.

“टॉवर कापायचं तुम्हाला चांगलं जमतं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “धुकं उठायच्या आत तेवढं माझं दार्जिलिंग उरकून द्या ना.”