शनिवारी तापणारं पाणी

नातवाचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी वर्लिनची विधवा मार्लिस विस्कॉन्सिनमधलं घर विकून मुलाकडे निघाली. गॅरेजात नवऱ्याची बिअर करायची विजेवरची दोन साधनं होती. मुलाकडे जागा एकाचीच. “बाबांनी स्वतः जोडलेला संच घेऊ,” त्या संचाच्या वरून कापलेल्या पिंपावर थाप मारत मुलगा कर्टिस म्हणाला. “ते विकतचं यंत्र म्हणजे मोठालं कॉफीचं भांडं. बाबाच हसायचे त्याला.” तेवढ्यात त्याच यंत्राचा दिवा लागला आणि आतलं पाणी तापू लागलं. “आई, कुणी चालू केलं?” “दर शनिवारी होतं. वेळ वर्लिननंच लावलीय. मी फक्त आदल्या संध्याकाळी पाणी भरते.” “अगं, मग बंद कर ना.” “तुझ्या संचाला खटका दाबायला माणूस लागतो, बाळा. हे अजून त्याचं ऐकतं.” पाणी निवल्यावर कर्टिसनं यंत्रच गाडीत ठेवलं. वर्लिन वारला होता आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, एका शुक्रवारी रात्री, उद्यासाठी यंत्रात पाणी भरून झाल्यावर, झोपेत.