आमदाराचा बाक

“ओ बाई, उठा तिथनं. आमदार सायेब आलेत.”

कंडक्टर पंडित इतक्या मोठ्यानं ओरडला, की परभणीच्या स्टँडवर उभ्या असलेल्या पालम गाडीतली सगळी डोकी दाराकडं वळली. दारात किशनराव होते, कालपर्यंतचे आमदार. अंगात कालचाच चुरगळलेला खादीचा सदरा. अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीची मोजणी काल दुपारी संपली होती आणि किशनराव पडले होते. थोडेथोडके नाही, सपाटून पडले होते. ज्या व्यापाऱ्यानं त्यांना प्रचाराला जीप दिली होती, तो संध्याकाळीच निवडून आलेल्याच्या मिरवणुकीत गुलाल उधळताना दिसला, जीपसकट. म्हणून आज एसटी. पंडित मात्र रात्री राणीसावरगावच्या मुक्कामी गाडीवर होता. निकाल त्याच्या कानावर आलाच नव्हता.

पुढच्या एका बाकावर, खिडकीच्या वर, ‘आमदार-खासदारांसाठी राखीव’ असं रंगवलेलं होतं. त्या बाकावर एक ओली बाळंतीण बसली होती. मांडीवर लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं लेकरू, शेजारी तिची सासू सरजाबाई.

“आजच दवाखान्यातनं सोडलंय, बाबा,” सरजाबाई कंडक्टरला म्हणाली. “कमलचे टाके वले हायेत अजून.”

“वर काय लिव्हलंय ते दिसंना का? आमदाराची जागा हाय ती.”

“राहू द्या हो, बसू द्या त्यांना,” किशनराव म्हणाले. पुढारी अशा वेळी जेवढ्या आवाजात म्हणतात, तेवढ्याच आवाजात म्हणाले. ऐकणाऱ्यानं ते मनावर घ्यायचं नसतं. पंडितनंही घेतलं नाही.

कमल पोटावर हात दाबून उठली. सरजाबाईनं आपलं गाठोडं दोन्ही बाकांच्या मधल्या वाटेत टाकलं, त्यावर सुनेला हळूच बसवलं, स्वतः तिच्या शेजारी खाली टेकली, आणि मग तिला किशनरावांची आठवण झाली.

“जयभीम, सायेब.”

प्रचाराला बौद्धवाड्यात शिरताना हाच शब्द किशनराव आधी म्हणायचे. हात जोडून, खणखणीत. आज त्यांनी नुसती मान हलवली आणि बाकावर बसले.

मी पडलोय, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण कालपासून त्यांना आमदार म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. 

गाडी निघाली. दैठणा मागं पडलं. हा रस्ता डांबरी करून देतो, असं किशनरावांनी दोन निवडणुकांत सांगितलं होतं. आता गाडी खड्ड्यात आदळली की खालून “आई गं” असा दबका आवाज यायचा, आणि किशनराव जास्तच लक्ष देऊन खिडकीबाहेर बघायचे. बाहेर ज्वारीची काढणी चालली होती. वाटेत गाव आलं की भिंतीवर गेरूनं लिहिलेलं त्यांचंच नाव यायचं. खाली ‘प्रचंड मतांनी विजयी करा.’ मग त्यांनी बाहेर बघणंही सोडलं. बघायचं कुठं, हेच त्यांना कळेना. समोर ड्रायव्हरची पाठ होती, तिच्याकडं बघत बसले.

गंगाखेडच्या पुढं त्यांना अगदी बसवेना.  ते सरजाबाईकडं वाकले.

“मावशी, मी पडलो काल. तुमाला ठावं नसंल.”

“ठावं हाय की. दवाखान्यात समदे त्येच बोलत व्हते.”

“मग उठलाव कामून?”

सरजाबाईनं लेकराच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं.

“काल समद्यांनी मिळून उठिवलं तुमाला. आज पुन्ना आमी उठवावं, बरं दिसतंय का ते?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर किशनरावांना बरं वाटलं असतं, टोमणे पचवायची सवय होती त्यांना. ते ताडकन उभे राहिले.

“कमल, वर बस, बाई. ऊठ.”

कमलनं डोळे उघडले नाहीत. सासूनंच हात आडवा केला.

“आता नगं, सायेब. तिचा आत्ता कुठं डोळा लागलाय. लेकरूबी निजलंय. आता हालवू नका.”

किशनराव वरची दांडी धरून उभे राहिले. त्यांनी गाडीभर नजर फिरवली, तर बाक न् बाक खिडकीबाहेर बघायलेला. मघाशी परभणीला वळलेली सगळी डोकी. तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं. एकानंही पंडितला सांगितलं नव्हतं.

गंगाखेडला चढलेल्यांची तिकिटं फाडत पंडित पुढं आला.

“सायेब, उभे कामून? बसा की.”

आमदाराला एसटीत तिकीट पडत नसे. किशनरावांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं.

“एक पालम द्या.”

पंडित हसला. मग त्यानं किशनरावांच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचं हसू विरलं.  त्यानं मान खाली घालून गंगाखेड ते पालमचं तिकीट काढलं.

“परभणीपासून धरा,” किशनराव म्हणाले.

या वेळी आवाज गाडीभर ऐकू गेला. पालम येईपर्यंत त्या बाकावर कोणी बसलं नाही.