खाणीची प्रतिकृती

जानेलला डिजिटल यंत्र-अभियांत्रिकीची मास्टर्स पदवी मिळाली, म्हणून कझाकस्तानातल्या करागांडाच्या घरी आज बेशबरमाक, म्हणजे सणासुदीचं मटण आणि पिठाच्या पट्ट्यांचं जेवण, शिजलं होतं. वडिलांच्या कोळसाखाणीतल्या, स्फोटक गॅस मोजणाऱ्या मापकांचे वर्षभराचे आकडे घेऊन तिने संगणकावर तशीच खाण उभी केली होती.

"तुझ्या संगणकातल्या खाणीवरून आमच्या खाणीत गॅस नाहीच म्हणे," वडील हसत म्हणाले. "अगं, तो मापक ओरडला की काम थांबतं, पगार कापतात. म्हणून आम्ही त्याच्यावर जाकीट टाकून ठेवतो. एवढं शिकलीस, बापाला विचारायचं तरी."

जानेलचा घास हातातच राहिला.

"बाबा, माझ्या आकड्यांवर विसंबून खाणीच्या साहेबांनी आज सकाळी हवेचे निम्मे पंखे बंद केलेत. आत्ता खाली कोण आहे?"

"तुझा भाऊ," आई म्हणाली. "त्याच्या वाटचं झाकून ठेवलंय."