चुकलेला ठोका

त्या धूसर प्रभाती कुरुंद्याच्या रस्त्यालगतचे कय्युमभाईंचे गॅरेज धुक्यात विरघळल्यासारखे भासत होते. तांड्यावरचे धर्मसिंग आपली धापा टाकणारी जुनी व्हॅन घेऊन आले. मागच्या आसनावर त्यांची दिवस भरलेली लेक मिना बसली होती. तिला वसमतच्या दवाखान्यात न्यायचे होते.

“हवा सर्द झाली की गाडी मिसिंग करून राहिली बगा, ठोका चुकून राहिला. वाटंतच बंद पडली तर?”

“न्हाई पडणार, धर्मसिंगभाऊ. आधी तकलीफ तर कळू द्या.”

कय्युमभाईंनी गाडी आत घेतली, शटर अर्धे ओढून अंधार केला आणि चालू इंजिनाच्या वायरींवर पाणी फवारले. एका जीर्ण वायरीतून निळी ठिणगी बाहेर निसटली. इंजिनाचा ठोका चुकला.

मिना स्वप्नातल्यासारखी हसली. “लेकरानं लाथ मारली, बापू.”

पुन्हा ठिणगी, पुन्हा चुकलेला ठोका, पुन्हा ते हसू.

“गाडीसंगं खेळून राहिलं व्हय तुजं पोरगं?” धर्मसिंग म्हणाले.

कय्युमभाईंनी इंजिन थांबवून नवी वायर बसवली आणि ते पुन्हा चालू केले. आता कितीही पाणी फवारले, तरी इंजिन संथ, अखंड, एकाच सुरात गुणगुणत राहिले.

“झालं काम बराबर!”

मिनाने पोटावर दोन्ही हात ठेवले. तिचे हसू हळूहळू मावळले. “बापू, ते हलून न्हाई राहिलं.”

कय्युमभाईंनी इंजिन थांबवून तीच जुनी वायर परत जोडली, ते चालू केले आणि वायरीवर पाणी ओतले. तिघेही चुकणाऱ्या ठोक्याची वाट पाहू लागले.

इंजिन संथ, अखंड, एकाच सुरात गुणगुणत राहिले.